गेमच्या कव्हरवर कोण झळकणार? मत चाहत्यांचं, पण ठरवतं कोण?

२०११ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत एक भन्नाट निवडणूक झाली. उमेदवार ३२, फेऱ्या पाच, मतदान ऑनलाइन. जिंकणाऱ्याला ना खुर्ची मिळणार होती ना ट्रॉफी. त्याचा फोटो एका व्हिडिओ गेमच्या कव्हरवर छापला जाणार होता, एवढंच.

रिंगणात त्या वर्षीच्या चॅम्पियन टीमचा स्टार खेळाडू होता, तुरुंगातून परत येऊन मैदान गाजवणारा एक सुपरस्टार होता, आणि पेटन हिलिस नावाचा एक खेळाडू होता, जो वर्षभरापूर्वीपर्यंत अमेरिकेतल्याही बऱ्याच लोकांना माहीत नव्हता. त्याच्या टीमने तो सीझन १६ पैकी ११ सामने हरून संपवला होता.

जिंकला हिलिस. तोही घासून नाही, फायनलमध्ये ६६ टक्के मतं घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या गेमच्या कव्हरशी आपलं काय देणंघेणं? तर विषय असा आहे की आज आपल्या फोनवर दर आठवड्याला कुठलं ना कुठलं फॅन व्होटिंग येतं. सामनावीर निवडा, आवडता गायक निवडा, ऑल-टाइम बेस्ट इलेव्हन निवडा. आपण मत देतो, मित्रांना द्यायला लावतो, आणि निकाल लागला की 'जनतेने निवडलं' असं म्हणतो. पण अशा मतदानात नेमकं काय मोजलं जातं? हे समजून घ्यायला हिलिसच्या गोष्टीएवढं चांगलं उदाहरण नाही.

आधी हे 'मॅडन' काय आहे?

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नाही. हा अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर पॅड, अंडाकृती चेंडू, आणि तो हातात घेऊन समोरच्यांच्या गर्दीतून पुढे घुसायचं. या खेळाची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिच्यात ३२ टीम आहेत आणि तिची फायनल म्हणजे सुपर बोल.

या लीगवर आधारलेला व्हिडिओ गेम म्हणजे 'मॅडन एनएफएल'. जॉन मॅडन हे ओकलंड रेडर्सचे कोच. त्यांच्या हाताखाली टीमने जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल जिंकला. नंतर ते टीव्हीवर कॉमेंट्री करू लागले आणि घराघरांत पोहोचले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीने त्यांच्या नावाने गेम काढायचं ठरवलं तेव्हा मॅडन यांनी एका गोष्टीवर हट्ट धरला. खऱ्या सामन्यासारखे दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू दिसले पाहिजेत, नाहीतर माझं नाव वापरायचं नाही. त्या काळच्या कॉम्प्युटरला ते झेपणं अवघड होतं. पण शेवटी १९८८ मध्ये गेम आला आणि पुढे दरवर्षी नवा गेम काढायचा शिरस्ता पडला.

डिसेंबर २००४ मध्ये ईएने एनएफएलशी करार केला आणि लीगच्या टीम व खेळाडूंची नावं वापरून असा गेम काढण्याचा हक्क एकट्याकडे घेतला. म्हणजे खऱ्या टीम, खरे खेळाडू घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळायचा असेल तर दुकानात एकच गेम. आपल्याकडे जो 'फिफा' म्हणून वर्षानुवर्षं खेळला गेला आणि आता 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो, तोही याच कंपनीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये या कंपनीला ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर झाला आणि घेणाऱ्यांमध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आहे. यावरून धंद्याचा आकार लक्षात यावा.

कव्हरला एवढं महत्त्व का?

सुरुवातीची बरीच वर्षं कव्हरवर खुद्द मॅडनच असायचे. मग 'मॅडन २००१' वर टेनेसी टायटन्सचा एडी जॉर्ज आला आणि तिथून दर वर्षी एका खेळाडूला मान द्यायची पद्धत पडली.

दर वर्षीचा गेम आधीच्या वर्षीसारखाच दिसतो, थोडे बदल सोडले तर. त्यामुळे 'हा नवीन आहे' हे एका नजरेत सांगायचं काम कव्हर करतं. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर कव्हरवर येणं म्हणजे 'या वर्षीचा चेहरा तू' असा शिक्का. लहानपणी हाच गेम खेळत मोठी झालेली मुलं आता लीगमध्ये खेळतात, त्यामुळे त्यांनाही त्याचं अप्रूप असतं.

२०१० पर्यंत हा चेहरा बहुतेक वेळा कंपनीच ठरवायची. त्या वर्षी तीन खेळाडूंपैकी एक निवडायला चाहत्यांना सांगितलं गेलं आणि न्यू ऑर्लीन्सचा ड्रू ब्रीस जिंकला. पुढच्या वर्षी मात्र कंपनीने दार सताड उघडलं.

२०११ मध्ये नेमकं काय झालं?

ईएने ईएसपीएन या क्रीडा चॅनेलसोबत नॉकआउट स्पर्धा आखली. ३२ टीम, प्रत्येक टीमचा एक खेळाडू. त्यांच्या जोड्या लावल्या. चाहत्यांनी दोघांपैकी एकाला मत द्यायचं. जिंकला तो पुढे, हरला तो घरी.

क्लीव्हलंड ब्राउन्सकडून नाव होतं पेटन हिलिसचं. तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन समोरच्यांना धडका देत पळणारा. २००८ मध्ये लीगमध्ये नवे खेळाडू घेण्याच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव सातव्या, म्हणजे अगदी शेवटच्या फेरीत लागलं होतं. डेन्व्हरने त्याला घेतलं, मग २०१० मध्ये क्लीव्हलंडला देऊन टाकलं. तिथे त्याला संधी मिळाली आणि एका सीझनमध्ये त्याने धावत ११७७ यार्ड आणि ११ टचडाउन केले.

पहिल्या फेरीत त्याच्यासमोर होता बाल्टिमोर रेव्हन्सचा रे राइस. मग अटलांटाचा मॅट रायन. सेमीफायनलला समोर आला ग्रीन बेचा आरन रॉजर्स. याच रॉजर्सने दोन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी २०११ मध्ये, टीमला सुपर बोल जिंकून दिला होता आणि त्या सामन्याचा तोच सर्वोत्तम खेळाडू होता. तोही पडला. फायनलला फिलाडेल्फियाचा मायकेल विक. तोही पडला.

निव्वळ खेळ पाहिला तर रॉजर्स आणि हिलिस यांची तुलना होऊच शकत नव्हती. मग झालं काय?

हिलिसच का जिंकला?

पहिलं कारण, क्लीव्हलंड शहर. ब्राउन्सचे चाहते जुने आणि भयंकर निष्ठावान, पण नशिबाने कायम मार खाल्लेले. १९९५ मध्ये मालकाने टीम उचलून बाल्टिमोरला न्यायची घोषणा केली. क्लीव्हलंडला १९९९ मध्ये नवी टीम मिळेपर्यंत तीन सीझन टीमशिवाय काढावे लागले. बाल्टिमोरला गेलेली टीम म्हणजेच रेव्हन्स. आणि हिलिसचा पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी नेमका रेव्हन्सचा! वर २०१० च्या उन्हाळ्यात बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स हे शहर सोडून मायामीला गेला होता. शहराच्या कुठल्याही मोठ्या टीमने १९६४ नंतर चॅम्पियनशिप जिंकलेली नव्हती. अशा शहराला मैदानाबाहेर का होईना, जिंकायची एक संधी मिळाली, आणि ती जिंकायला पैसे लागत नव्हते, चांगली टीमही लागत नव्हती. क्लिक करणारी बोटं लागत होती.

दुसरं कारण, त्या वर्षीचा वाद. मार्च २०११ मध्ये टीम मालक आणि खेळाडू यांच्यात पैशांवरून फाटलं आणि मालकांनी लीगला टाळं लावलं. ते जुलैच्या शेवटी निघालं. या काळात ना सराव, ना खेळाडूंशी नवे करार. चाहत्यांच्या वाट्याला वकील आणि कोर्टाच्या बातम्या. अशा कोरड्या दिवसांत कव्हरचं मतदान ही फुटबॉलची एकमेव मजेदार बातमी होती.

तिसरं कारण फार महत्त्वाचं, पण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे नॉकआउटची रचना. समजा ३२ जण एकाच यादीत ठेवले असते आणि 'कुणालाही एक मत द्या' म्हटलं असतं, तर ज्या टीमचे चाहते देशभर सगळ्यात जास्त, त्या टीमचा खेळाडू पुढे राहिला असता. जोड्या लावल्या की गणित पालटतं. तुमचा खेळाडू दुसऱ्या फेरीत हरला, तरी तुम्ही मत देत राहता. फक्त आता ते 'आवडतो' म्हणून नसतं, 'त्यातल्या त्यात हा बरा' म्हणून असतं. किंवा सरळ 'तो दुसरा नको' म्हणून.

फायनलला समोर विक होता हे इथे लक्षात घ्या. कुत्र्यांच्या झुंजी लावल्याच्या प्रकरणात २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली, तो तुरुंगात गेला. बाहेर येऊन त्याने २०१० मध्ये जबरदस्त पुनरागमन केलं, पण त्याला कधीच माफ न करणारा मोठा वर्ग होता. शिवाय फिलाडेल्फियाच्या कट्टर विरोधी टीमचे चाहते होतेच. या सगळ्यांसाठी हिलिस हा अडचण नसलेला माणूस होता. त्याचा राग यावा असं त्याने कुणाचं काही केलं नव्हतं. आपल्याकडे पोटनिवडणुकीत दोन बड्या गटांच्या भांडणात तिसराच कुणीतरी निवडून येतो, तसा हा प्रकार.

म्हणजे त्या ६६ टक्क्यांत क्लीव्हलंडची माया होती, विकवरचा राग होता, आणि 'बघू या, या साध्या गड्याला जिंकवून' ही गंमतही होती. तिन्ही प्रकारची मतं मोजताना सारखीच. निकालाच्या आकड्यात त्यांचा वेगळा हिशेब नसतो.

कंपनीला काय मिळालं?

भरपूर. मार्च ते जून हा अमेरिकन फुटबॉलचा सुट्टीचा काळ. गेम बाजारात यायचा ऑगस्टमध्ये. मधल्या काळात लोकांच्या तोंडी गेमचं नाव ठेवायचं तर एरवी जाहिरातींवर खर्च करावा लागतो. इथे पाच फेऱ्यांमुळे पाच वेळा बातमी झाली. ३२ उमेदवार म्हणजे ३२ शहरांतले पेपर, रेडिओ आणि टीव्ही. 'आपल्या खेळाडूला मत द्या' म्हणून टीम स्वतः सांगत होत्या, खेळाडू सांगत होते, चाहते तर रात्रंदिवस सांगत होते. चॅनेलला कार्यक्रम मिळाला आणि कंपनीला फुकटचे प्रचारक.

यात फसवणूक नव्हती, हेही सांगायला हवं. मत दिलं, मोजलं गेलं, जो जिंकला तोच कव्हरवर आला. ३० ऑगस्ट २०११ ला 'मॅडन एनएफएल १२' आला तेव्हा कव्हरवर ब्राउन्सच्या जर्सीतला हिलिसच होता. क्लीव्हलंडच्या एखाद्या पोराने दुकानात तो बॉक्स पाहिला असेल तेव्हा त्याला झालेला आनंद खोटा नव्हता. पण उमेदवारांची यादी, जोड्या, नियम आणि वेळापत्रक हे सगळं आधीच ठरलेलं होतं, आणि ते ठरवायला चाहत्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मग तो 'मॅडनचा शाप'?

मॅडनचा विषय निघाला की हा मुद्दा येतोच. कव्हरवर आलेला खेळाडू त्या वर्षी जखमी होतो किंवा त्याचा खेळ घसरतो, अशी समजूत. उदाहरणंही तयार असतात. २००३ मध्ये कव्हरवर आलेल्या विकचा पाय सीझन सुरू होण्याआधीच मोडला. २००६ मध्ये शॉन अलेक्झांडरचा पाय दुखावला आणि तो सहा सामने बाहेर बसला. लाडेनियन टॉमलिन्सन कव्हरवर येणार अशी चर्चा २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा सॅन डिएगोच्या चाहत्यांनी 'आमच्या माणसाला यातून वाचवा' म्हणून वेबसाइट काढली होती.

हिलिसचंही तसंच झालं. २०११ च्या सीझनमध्ये तो दहाच सामने खेळला, ५८७ यार्ड आणि तीन टचडाउन. दुखापती झाल्या, कराराची बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी तो क्लीव्हलंडमध्ये नव्हता. तशी कामगिरी त्याला पुन्हा कधी जमली नाही. शाप मानणाऱ्यांना आणखी काय हवं?

पण जरा विचार करा. कव्हरवर कोण येतो? ज्याचं आधीचं वर्ष आयुष्यातलं सगळ्यात भारी गेलं तो. शिखरावर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला, तर पुढचं पाऊल खालीच पडण्याची शक्यता जास्त. त्यात हा खेळ इतका धडकाधडकीचा की दर सीझनला खेळाडू मोठ्या संख्येने जखमी होतात, आणि रनिंग बॅकची कारकीर्द तर फारच छोटी. कव्हर नसतं तरी यातल्या बऱ्याच गोष्टी झाल्याच असत्या. फक्त त्यांना नाव मिळालं नसतं.

उलटी उदाहरणंही आहेत. २०१२ मध्ये कव्हरवर आलेल्या डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने त्याच सीझनमध्ये १९६४ यार्डांचे झेल घेऊन जेरी राइसचा १९९५ पासूनचा १८४८ यार्डांचा विक्रम मोडला. २०१९ च्या गेमवर असलेल्या पॅट्रिक महोम्सचा गुडघा सीझनमध्ये दुखावला, दोन सामने गेले, आणि शेवटी त्यानेच सुपर बोल जिंकला. ही नावं शापाच्या यादीत कुणी घेत नाही. २०२४ मध्ये कव्हरवरचा क्रिस्टियन मॅकाफ्री फक्त चार सामने खेळू शकला, तेव्हा मात्र शाप लगेच ट्रेंडिंगला.

मतदानाच्या दृष्टीने या शापाची एक गंमत आहे. आपल्या लाडक्याला मत द्यायचं की त्याला 'वाचवायला' समोरच्याला मत द्यायचं? असा विचार करून कुणी बटण दाबलं असेल, तर त्या मताचा अर्थ 'मला तू आवडतोस' असा धरायचा की उलटा? आकडा पुन्हा तोच, एक मत.

हरलेलाही कव्हरवर!

पुढची दोन वर्षं पाहिली की एक धागा दिसतो. २०१२ मध्ये प्रत्येक टीमचे दोन, असे ६४ उमेदवार होते. जिंकला डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन, हरला कॅम न्यूटन. २०१३ मध्ये गेमला २५ वर्षं झाली म्हणून जुने विरुद्ध नवे असा सामना लावला. जिंकला बॅरी सँडर्स. तोही डेट्रॉइट लायन्सचाच, आणि १९९९ मध्येच निवृत्त झालेला.

म्हणजे सलग तीन वर्षं विजेते कुणाचे? ब्राउन्स, लायन्स, लायन्स. या दोन्ही टीम आजवर एकदाही सुपर बोल खेळलेल्या नाहीत. लायन्सने तर २००८ मध्ये १६ च्या १६ सामने हरून दाखवले होते. ज्यांच्याकडे ट्रॉफ्या भरपूर, त्यांना कव्हरचं फारसं कौतुक नव्हतं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ते जिद्दीने मत देत राहिले. योगायोगाचा भाग असेलच. पण कुणाला किती गरज आहे, हे अशा मतदानात कुणाचा खेळ किती मोठा आहे याच्या बरोबरीने मोजलं जातं, असं म्हणायला जागा आहे.

आता खरी मेख. २०१३ च्या फायनलमध्ये सँडर्सने ज्याला हरवलं तो होता मिनेसोटाचा एड्रियन पीटरसन. त्याच वर्षी नवे गेमिंग कन्सोल येणार होते, एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४. जुन्या कन्सोलच्या गेमवर सँडर्स आला आणि नव्या कन्सोलच्या गेमवर कंपनीने पीटरसनला बसवलं. चाहत्यांचा निकाल पाळला गेला आणि ज्याला त्यांनी हरवलं तोही कव्हरवर आला!

नियम मोडला का? नाही. कव्हर कंपनीचं, दोन छापायची की एक, हे तीच ठरवणार. मत देणाऱ्यांनी एका बॉक्सचा फोटो निवडला होता, बाकी काही त्यांच्या हातात नव्हतंच.

२०१४ मध्ये सिएटलचा रिचर्ड शर्मन जिंकला, न्यूटन पुन्हा फायनलमध्ये हरला. २०१५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा ओडेल बेकहम ज्युनियर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने डॅलसविरुद्ध मागे झुकत एका हाताने घेतलेला झेल जगभर फिरला होता, आणि अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्यांनीही तो पाहिला होता. निवडणूक जिंकायला आता शहराची जिद्द नाही, एक व्हायरल क्लिप पुरेशी होती.

आणि मग २०१६ मध्ये मतदान नव्हतंच. कंपनीने रॉब ग्रॉन्कोव्स्कीचं नाव थेट जाहीर केलं. त्यानंतर टॉम ब्रेडी, महोम्स, लमार जॅक्सन, जोश ॲलन, २०२५ मध्ये सेक्वॉन बार्कली ही नावं कंपनीकडूनच आली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मॅडन यांचं निधन झालं, तेव्हा पुढच्या गेमवर पुन्हा त्यांनाच आणलं. नव्या यादीत हिलिससारखं नाव एकही नाही. सगळे पहिल्या रांगेतले तारे.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये काय?

तिथेही हा प्रयोग झाला. 'फिफा १६' साठी मेस्सीच्या शेजारी आपल्या देशातला कोण हवा, हे निवडायला काही देशांत मतदान घेतलं गेलं. ब्रिटनमध्ये जॉर्डन हेंडरसन जिंकला. तो नुकताच लिव्हरपूलचा कॅप्टन झाला होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांचा पसारा पाहता हे नवल नव्हतं.

'फिफा १७' ला तर जगभरासाठी एकच मतदान झालं. उमेदवार चार: मार्को रॉइस, एडन हॅझार्ड, हामेस रॉड्रिगेज, अँथनी मार्शियल. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या गेमिंग कट्ट्यांवर पोरं जो गेम खेळत होती, त्याचं हे कव्हर. जिंकला रॉइस. २०१४ च्या वर्ल्ड कपला निघायच्या आधल्या सामन्यात घोटा दुखावून तो घरी बसला होता. त्याचा देश तिकडे कप जिंकला. २०१६ च्या युरो स्पर्धेलाही दुखापतीने तो मुकला. बड्या क्लबांच्या मागे न जाता डॉर्टमुंडमध्येच राहिलेला, नशिबाने सतत गंडवलेला गुणी खेळाडू. त्याला पडलेल्या मतांत 'याला काहीतरी मिळालं पाहिजे' ही भावना मोठी असणार, हे कुठल्याही फुटबॉलवेड्याला पटेल. हिलिस आणि रॉइस यांच्यात खेळाचा काहीच संबंध नाही, पण मत देणाऱ्यांचं मन दोन्हीकडे सारखंच चाललं.

मताला खरी किंमत असेल तेव्हा?

कव्हर हे कव्हरच. पण चाहत्यांच्या मतावर खरी टीम ठरणार असेल तर? १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी सिनसिनाटीच्या लोकांनी एवढी मतं टाकली की सुरुवातीच्या टीममध्ये त्या एकाच क्लबचे सात जण निवडून आले. आयुक्तांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतलं. चाहत्यांचा हक्कच काढून घेतला, तो परत मिळायला १९७० उजाडलं.

२०१६ मध्ये आइस हॉकीच्या चाहत्यांनी गंमत म्हणून जॉन स्कॉट या मारामारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूला ऑल-स्टारचा कॅप्टन केलं. मध्येच त्याची दुसऱ्या टीममध्ये बदली होऊन त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं गेलं, पण ओरड झाली आणि त्याला खेळू दिलं. त्याने दोन गोल केले आणि चाहत्यांच्या मतांवर तोच सर्वोत्तम खेळाडूही ठरला! बास्केटबॉलच्या एनबीएने २०१७ पासून ऑल-स्टारचे पहिले पाच निवडताना चाहत्यांचं वजन निम्म्यावर आणलं. उरलेलं निम्मं खेळाडू आणि पत्रकारांकडे.

म्हणजे मताला वजन असतं तिथे आयोजक घाबरून नियम बदलतात. जिथे ते बिनधास्त तुमच्या हातात देतात, तिथे बहुतेक वेळा त्यांचं फारसं काही पणाला लागलेलं नसतं.

आपल्याला हे नवीन नाही

२००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडल झाला, तेव्हा घराघरांतून एसएमएस गेले होते, आणि ते एसएमएस नेहमीपेक्षा महाग होते. २००७ मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. त्याच्यासाठी डोंगरातल्या गावांनी वर्गणी काढून मतं पाठवली. गोरखा समाजासाठी ती गाण्याची स्पर्धा राहिलीच नव्हती, 'आम्हीही आहोत' हे देशाला सांगायची ती जागा झाली होती. क्लीव्हलंडने कव्हरवर जे केलं, त्याची जात तीच.

आणि इथेच या विषयाची दुसरी बाजू आहे. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही, त्यांना अशा मतदानात एकत्र येता येतं आणि दिसता येतं. त्याला नुसतं 'मार्केटिंग' म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. पण त्या एकत्र येण्यातून पैसा कुणी कमावला, हे विसरणंही बरोबर नाही.

मग मत द्यायचं की नाही?

खुशाल द्या. मजा येते. फक्त पुढच्या वेळी फोनवर असं मतदान आलं की चार गोष्टी पाहा.

एक, यादी कुणी केली? तुमचं मत यादीतल्या नावांपुरतंच असतं. यादीत कोण नाही, हा निर्णय आधीच झालेला असतो.

दोन, एका माणसाला किती मतं? अनेकदा मत देता येत असेल तर तिथे माणसं मोजली जात नाहीत, चिकाटी मोजली जाते.

तीन, रचना कशी आहे? सगळे एकत्र की जोड्या? जोड्या असतील तर निकालात 'हवा' पेक्षा 'नको' जास्त असू शकतो.

चार, निकाल पाळणं बंधनकारक आहे का? पीटरसनचं कव्हर आठवा.

ही चार उत्तरं मिळाली नाहीत तरी मत द्यायला हरकत नाही. पण मग निकाल हातात धरून 'सगळ्या देशाने यालाच सर्वोत्तम ठरवलं' म्हणत कमेंटमध्ये भांडू नका. २०११ मध्ये हिलिस हा अमेरिकेतला सर्वोत्तम खेळाडू आहे, असं त्याला मत देणाऱ्या क्लीव्हलंडकरांपैकीही फारसं कुणाला वाटत नसावं. त्यांना आपल्या गावाचं नाव एकदा जिंकलेलं पाहायचं होतं. तेवढं त्यांनी मिळवलं. गेम मात्र कव्हरवर कोणीही असतं तरी विकला जाणारच होता.